उधळ्याच्या नावात बचत कशी?

इंग्रजीच्या परीक्षेत ‘अनेक शब्दांबद्दल एक शब्द’ हा प्रश्न हमखास असतो. त्यात ‘पैसा पाण्यासारखा घालवणारा’ याचं उत्तर ‘स्पेंडथ्रिफ्ट’ असं मुलं पाठ करतात. पाठच करावं लागतं, कारण अर्थ लावून ते उत्तर येत नाही. ‘स्पेंड’ म्हणजे खर्च करणे आणि ‘थ्रिफ्ट’ म्हणजे काटकसर. दोन्ही जोडले की डोळ्यांपुढे जपून खर्च करणारा माणूस येतो. शब्द मात्र आहे वाडवडिलांची पुंजी फुंकून टाकणाऱ्यासाठी.

मुलांच्या या चुकीत नवल काहीच नाही. नोकरदारांच्या पतपेढ्यांच्या पाट्यांवर ‘थ्रिफ्ट अँड क्रेडिट सोसायटी’ असं लिहिलेलं आपण पाहतो. अमेरिकेत लोकांच्या ठेवी घेऊन घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थांना नुसतं ‘थ्रिफ्ट’ म्हणतात. सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश लेखकाने १८७५ साली काटकसरीचे फायदे सांगणारं पुस्तक लिहिलं, त्याचं नावही ‘थ्रिफ्ट’. मग बचतीचा एवढा पक्का शिक्का बसलेला शब्द उधळ्याच्या नावात गेला कसा?

जेव्हा हे नाव घडलं, त्या काळापर्यंत मागे गेलं की कोडं सुटतं. तेव्हा थ्रिफ्टचा मुख्य अर्थ बचत हा नव्हताच.

आधी भरभराट, मग काटकसर

नवव्या ते अकराव्या शतकात स्कँडिनेव्हियाचे दर्यावर्दी इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत रोजच्या वापरातले कितीतरी शब्द आले. त्यांतलं एक क्रियापद ‘घट्ट धरणे, आपलंसं करणे’ अशा अर्थाचं होतं. त्यातून ‘थ्राइव्ह’ म्हणजे फोफावणे, भरभराटीला येणे हे क्रियापद आलं आणि त्याचं नाम झालं थ्रिफ्ट. ‘गिव्ह’ आणि ‘गिफ्ट’, ‘ड्राइव्ह’ आणि ‘ड्रिफ्ट’ या जोड्या शेजारी ठेवल्या की ‘थ्राइव्ह’ आणि ‘थ्रिफ्ट’ यांचं नातं लगेच दिसतं.

म्हणजे थ्रिफ्टचा मूळ अर्थ भरभराट. आपल्याकडे ‘बरकत’ म्हणतात, तसा. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरची पात्रं ‘माझ्या थ्रिफ्टची शपथ’ घेतात. तिथे काटकसर घालून पाहिली तर वाक्याला अर्थच राहत नाही. बरकत किंवा नशीब घातलं की ते बोलू लागतं. भरभराटीतून जे हाती येतं ती कमाई, साठलेलं धन, तेही थ्रिफ्टच.

समुद्रकाठच्या खडकांच्या फटींत उगवणारं, गुलाबी फुलांच्या गेंदांचं एक झुडूप इंग्लंडमध्ये आहे. त्यालाही थ्रिफ्ट म्हणतात, कारण खारा वारा आणि मूठभर माती एवढ्यावर ते भरघोस वाढतं. इथे जुना अर्थ अजून जिवंत आहे. १९३७ ते १९५२ या काळात सहाव्या जॉर्जच्या बारा बाजूंच्या तीन पेन्सच्या पितळी नाण्यावर हेच झुडूप होतं. नाव झाडाचं, पण लोकांनी त्यात बचतीची शिकवण वाचायची, असा त्यामागचा दुहेरी डाव होता.

भरभराटीचा शब्द काटकसरीकडे सरकला कसा? परिणामाचं नाव हळूहळू कारणाला चिकटलं. ज्याच्या घरी चार पैसे टिकले, तो बेताने राहणारा म्हणून टिकले, असं लोकांना वाटू लागलं. मग त्या टिकण्याचं नाव बेताने राहण्याला मिळालं. मराठीतला ‘किफायत’ हा शब्द पाहा. ‘किफायतशीर धंदा’ म्हणजे नफा देणारा आणि ‘किफायतशीर दर’ म्हणजे परवडणारा, पैसे वाचवणारा. नफा आणि बचत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात आणि आपल्याला ते खटकतही नाहीत. सोळाव्या शतकात इंग्रजीतलं थ्रिफ्ट अगदी अशाच अवस्थेत होतं.

याचा पुरावा शेक्सपिअरच्या दोन नाटकांत मिळतो. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शायलॉक सावकार आपल्या कष्टाच्या नफ्याला थ्रिफ्ट म्हणतो आणि आन्तोनियो त्यालाच व्याज म्हणून हिणवतो, अशी त्याची तक्रार आहे. चार-पाच वर्षांनी आलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये हाच शब्द काटकसरीच्या अर्थाने येतो. बाप गेल्यावर आईने इतक्या घाईने दुसरं लग्न केलं की उत्तरकार्याच्या जेवणातलं उरलेलं अन्न लग्नाच्या पंगतीत वाढलं गेलं, असं हॅम्लेट मित्राला सांगतो. या बचतीला तो थ्रिफ्ट म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातली जळजळ बाहेर येते. लेखक एक, काळ एक आणि अर्थ दोन. ‘स्पेंडथ्रिफ्ट’ हा शब्द जन्मला तो याच सुमारास, १६०० च्या आसपास. त्यातलं थ्रिफ्ट पहिल्या अर्थाचं आहे: कमाई, साठवण, घराची बरकत. ती जो घालवतो, तो स्पेंडथ्रिफ्ट.

गळेकापूचं व्याकरण

अर्थाचा उलगडा झाला, तरी बांधणीचा राहिला. ‘स्पेंड’ हे क्रियापद आणि ‘थ्रिफ्ट’ हे नाम. दोन्ही जोडले तर ‘बरकत खर्च करणे’ ही क्रिया व्हायला हवी. त्यातून माणूस कसा निघाला?

हे मराठी माणसाला समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपणही असेच शब्द घडवतो. गळे कापतो तो गळेकापू, खिसे कापतो तो खिसेकापू, घर बुडवतो तो घरबुडव्या, कर्ज बुडवतो तो कर्जबुडव्या. या शब्दांत ‘माणूस’ कुठेच लिहिलेला नाही, पण सगळे शब्द माणसाकडेच बोट दाखवतात. इंग्रजीत गळेकापूला ‘कटथ्रोट’ आणि खिसेकापूला ‘पिकपॉकेट’ म्हणतात. फरक क्रमाचा आहे. मराठी वाक्यात कर्म आधी आणि क्रियापद नंतर, म्हणून गळे आधी, कापणं मागून. इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी, म्हणून ‘कट’ आधी, ‘थ्रोट’ मागून. स्पेंडथ्रिफ्ट याच साच्यातला. मराठीत त्याची नेमकी जोडी लावायची तर ती ‘घरबुडव्या’ अशी लागते. ‘उधळ्या’ त्याच्या जवळ जातो, पण घरच्या साठवणीवरचा घाला त्यात तेवढा उमटत नाही.

फ्रेंचमध्ये हा साचा पूर्वीपासून रुळलेला होता आणि त्याच्या सहवासात इंग्रजीतही तो वाढला. सोळाव्या-सतराव्या शतकात त्यातून शब्दांचं पीकच आलं, आणि बहुतेक शब्द शिव्या किंवा टोमणे होते. हेही मराठीसारखंच. गळेकापू, घरबुडव्या, कर्जबुडव्या या रांगेत भल्या माणसाचं नाव शोधून सापडत नाही. पुढे इंग्रजीत हा साचा मागे पडला आणि नाम आधी घेऊन शेवटी ‘-अर’ लावण्याची रीत आली. आपण ज्याला स्क्रूड्रायव्हर म्हणतो, त्याला इंग्लंडमधले जुने कारागीर ‘टर्नस्क्रू’ म्हणत. नवा शब्द नव्या रीतीचा, जुना जुन्या रीतीचा. स्पेंडथ्रिफ्ट आज कुणी नव्याने घडवला असता, तर तो असा दिसला नसता.

‘स्पेंड’ हा तुकडाही पाहण्यासारखा आहे. तो लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘तोलून देणे’ ही क्रिया आहे. नाणी मोजण्याआधी धातू तागडीत घालून द्यायचे, त्या काळची ही खूण. एका शब्दात अर्धं लॅटिन, अर्धं नॉर्स: एका हाताने घट्ट धरलेलं दुसऱ्या हाताने तोलून देऊन टाकणारा माणूस.

| चौकट: स्पेंडथ्रिफ्टची भावंडं |
|---|
| डिंगथ्रिफ्ट: ‘डिंग’ म्हणजे ठोकणे, हाणणे. घरच्या बरकतीला ठोकून काढणारा. स्पेंडथ्रिफ्टच्या आधी प्रचारात असलेला हा शब्द पुढे नाहीसा झाला. |
| अनथ्रिफ्ट: बरकत नसलेला, वाया गेलेला माणूस. या सगळ्यांत वडीलधारा शब्द. |
| स्कॅटरगुड: ‘स्कॅटर’ म्हणजे विखुरणे, ‘गुड’ म्हणजे इथे चांगला नव्हे, तर मालमत्ता. |
| वेस्ट्रेल: उधळ्या, ऐतखाऊ. हाच शब्द सदोष, टाकाऊ मालासाठीही वापरत. |

पैशापलीकडची उधळण

शब्द रुळला तसा तो तिजोरीबाहेर पडला. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये भरमसाट बोलणाऱ्या माणसाला जिभेचा स्पेंडथ्रिफ्ट म्हटलं आहे. ‘हॅम्लेट’मधला वापर याहून खोल आहे. राजा क्लॉडियस तरुण लेअर्टीझला म्हणतो की, करायचं ते लगेच कर. ‘करायला हवं’ असं नुसतं म्हणत बसणं हे उधळ्या उसाशासारखं आहे. सोडताना हलकं वाटतं, पण त्याने नुकसान होतं. हा उसासा उधळ्या का? त्या काळी लोक मानत की प्रत्येक उसाशागणिक हृदयातल्या रक्ताचा एकेक थेंब कमी होतो. म्हणजे उसासे टाकणारा आपली आयुष्याची पुंजीच खर्चत असतो. ही समजूत ठाऊक नसेल, तर ती ओळ डोक्यावरून जाते.

चित्रकार विल्यम होगार्थने १७३० च्या दशकात आठ चित्रांची एक मालिका रंगवली. टॉम रेकवेल या तरुणाची ती कहाणी. मूळ चित्रं लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहेत आणि १७३५ साली निघालेल्या छापील प्रतींमुळे ती घरोघर पोहोचली. पहिल्या चित्रात कंजूष बाप नुकताच वारला आहे. शिंपी मुलाच्या नव्या कपड्यांची मापं घेतो आहे. भिंतीवर सुतकाचं काळं कापड ठोकत असताना वरच्या पट्टीमागे बापाने दडवलेली नाणी खाली गळत आहेत. जमिनीवर एक जोडा पडला आहे, त्याचा तळ बायबलच्या चामडी पुठ्ठ्यातून कापून शिवलेला. बापाने धरून ठेवलेलं आणि मुलगा आता सोडून देणार असलेलं, दोन्ही त्या एका खोलीत आहे. सातव्या चित्रात टॉम कर्जबुडव्यांच्या फ्लीट तुरुंगात आहे, आठव्यात वेड्यांच्या इस्पितळात. स्पेंडथ्रिफ्ट या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या मला कोणत्याही शब्दकोशात सापडलेली नाही.

उधळलेली गुरं आणि उधळा पुत्र

इंग्रजीत याच अर्थाचा दुसरा, अधिक भारदस्त शब्द आहे ‘प्रॉडिगल’. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘पुढे हाकणे, हाकलून देणे’ या क्रियापदात आहे. त्यावरून ‘घालवून टाकणे, उडवणे’ हा अर्थ आला. धन हाकलून देण्याची ही कल्पना मराठी कानाला ओळखीची वाटेल. आपल्याकडे बैल उधळतो, घोडा उधळतो आणि पैसाही उधळतात. जेजुरीला भंडारा उधळतात, मिरवणुकीत गुलाल उधळतात. आवर सुटून चौफेर जाणं, हे या सगळ्यांत समान. आणि भंडाऱ्याच्या उधळणीत जसा दोष नसतो, तसा प्रॉडिगललाही एक उदार अर्थ आहे: भरभरून देणारा.

हा शब्द जगभर गेला तो ल्यूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातल्या दृष्टांतामुळे. धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, परमुलखात जाऊन तो उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची वेळ येते, शेवटी तो घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला पोटाशी धरतो. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, म्हणजे किंग जेम्स बायबलमध्ये, प्रॉडिगल हा शब्द कथेत एकदाही येत नाही. तो येतो फक्त अध्यायाच्या मथळ्यात. तरी मथळा कथेला असा चिकटला की पुढे एक गंमतीचा गैरसमज पसरला. कथेत सगळ्यांच्या लक्षात राहतो तो परतलेला मुलगा, त्यामुळे प्रॉडिगल म्हणजे ‘भरकटून घरी आलेला’ असं पुष्कळ इंग्रजी भाषकांनाही वाटतं. वास्तविक तो घर सोडून वाटा उडवत होता, तेव्हाच प्रॉडिगल होता. परतला तेव्हा उधळायला काही उरलंच नव्हतं.

मराठीत तो ‘उधळा पुत्र’ झाला आणि या पुत्राचा आपल्या भाषेशी एक अनपेक्षित संबंध आला. जॉर्ज ग्रिअर्सन या आयरिश सनदी अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची पाहणी हाती घेतली. १९०३ ते १९२८ दरम्यान तिचे खंड निघाले आणि त्यांत १७९ भाषा व ५४४ बोली नोंदल्या गेल्या. तुलना करायची तर सगळ्या बोलींत एकच मजकूर हवा. ग्रिअर्सनने निवडला हाच दृष्टांत. कारण भाषाशास्त्राच्या सोयीचं होतं: मी, तू, तो ही तिन्ही सर्वनामं, नामाच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे वर्तमान, भूत, भविष्य हे काळ या छोट्या गोष्टीत मिळतात. परतलेल्या मुलासाठी वासरू कापल्याचा उल्लेख मूळ कथेत आहे. असे तपशील इथल्या भावना दुखावू नयेत म्हणून थोडे बदलायला सांगितलं होतं. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणातल्या, वऱ्हाडातल्या, नागपूरकडच्या बोलींत तोच धाकटा मुलगा बापाकडे वाटा मागतो. सव्वाशे वर्षांपूर्वी गावोगावचे लोक कसे बोलत, हे आज जाणून घ्यायचं तर त्या उधळ्याकडेच जावं लागतं. काही भाषांत तर हा दृष्टांत ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही बोलून घेतला गेला.

कायद्याने धरलेला हात

स्पेंडथ्रिफ्ट असो की प्रॉडिगल, दोन्हींच्या पोटात एक समजूत आहे: जे उडवलं जातं ते उडवणाऱ्याचं एकट्याचं नसतं. कुणीतरी आधी ते धरून ठेवलेलं असतं आणि कुणाला तरी ते पुढे मिळायचं असतं. कायद्याने ही समजूत फार लवकर उचलली.

इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास रोममध्ये बारा पाट्यांवर कायदे कोरले गेले. वाडवडिलांकडून आलेली मालमत्ता उडवणाऱ्याला तिचे व्यवहार करायला तिथे मनाई करता येई आणि मालमत्ता पित्याच्या बाजूच्या नातलगांकडे सांभाळायला जाई. वेड लागलेल्या माणसाच्या शेजारी उधळ्याला बसवलं होतं. नेपोलियनच्या काळातल्या, १८०४ च्या फ्रेंच संहितेतही उधळ्यावर सल्लागार नेमायची तरतूद आली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये दारू, जुगार आणि आळस यांपायी घर धुळीला मिळवणाऱ्यावर पालक नेमता येई. तिथे कायद्याने मोकळेपणाने मान्य केलं होतं की भीती फक्त बायकामुलांच्या उपासमारीची नाही. कंगाल झालेल्याला पोसण्याचा भार गावावर येतो, त्याचीही आहे.

पुढे अमेरिकेत दुसरी वाट निघाली, आणि तिचं नावच ‘स्पेंडथ्रिफ्ट ट्रस्ट’. वाड्यातल्या धान्याच्या कोठीची किल्ली आजीच्या कमरेला असावी आणि नातवाला दर आठवड्याला लागेल तेवढं धान्य मिळावं, पण कोठी गहाण टाकायची सोय त्याला नसावी, तशी ही व्यवस्था. बाप पैसा मुलाला न देता विश्वस्ताच्या हवाली करतो. विश्वस्त मुलाला ठरलेल्या मुदतीने उत्पन्न देतो. पुढचे हप्ते मुलाला आधीच विकता येत नाहीत, त्यांवर कर्ज काढता येत नाही आणि त्याच्या सावकारांनाही ते जप्त करता येत नाहीत. रक्कम हातात पडली की मात्र ती त्याची. मग सावकार मागे लागू शकतो.

इंग्लंडच्या न्यायालयांनी हे नाकारलं. १८११ साली लॉर्ड एल्डन यांनी निकाल दिला की एखाद्याला हक्क द्यायचा आणि तो विकायला किंवा सावकाराने घ्यायला बंदी घालायची, हे चालणार नाही. त्यामुळे तिथे वकिलांनी वेगळी युक्ती काढली: लाभार्थी दिवाळखोर झाला की त्याचा हक्कच संपवायचा आणि पुढे विश्वस्ताने आपल्या मर्जीने त्याच्या कुटुंबावर खर्च करायचा. १९२५ च्या ट्रस्टी कायद्यात ही युक्ती तयार कलमाच्या रूपात आली. अमेरिकेत १८७५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि १८८२ साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने स्पेंडथ्रिफ्ट ट्रस्टच्या बाजूने कौल दिला. त्यांचं म्हणणं असं की पैसा देणाऱ्याचा आहे, तो कोणत्या अटीवर द्यायचा हे त्याने ठरवावं. हार्वर्डचे कायदेपंडित जॉन चिपमन ग्रे यांना हे अजिबात पटलं नाही. देणी बुडवून ऐषारामात राहणाऱ्यांचा एक वर्ग कायदाच पोसतो आहे, असा त्यांचा आक्षेप होता आणि १८८३ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मला ग्रे यांचा राग रास्त वाटतो. बापाच्या अटीचा मान राखायचा, पण उधारीवर माल देणाऱ्या वाण्याने काय पाप केलं?

आपल्याकडे १८८२ सालीच झालेल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या दहाव्या कलमाने, मिळालेली मालमत्ता विकूच नये अशी सरसकट अट साधारणपणे रद्दबातल ठरवली. त्याच वर्षीच्या भारतीय न्यास कायद्यानेही लाभार्थीला आपला हक्क दुसऱ्याला देण्याची मोकळीक दिली. आपण इंग्लंडच्या वाटेने गेलो. पण स्पेंडथ्रिफ्ट ट्रस्टमागची कल्पना नोकरदार मराठी घरांत वेगळ्या नावाने रोज वावरते. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, कायद्यानुसार दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि कर्जापोटी न्यायालयाला जप्तही करता येत नाही. हे संरक्षण मिळण्यासाठी कामगाराला उधळ्या ठरावं लागत नाही.

अमेरिकेत तर आता या शब्दालाच कायद्याचं बळ आहे. २००० साली तिथे राज्यांसाठी न्यासांची एक नमुना संहिता तयार झाली आणि बऱ्याच राज्यांनी ती स्वीकारली. तिच्या ५०२ व्या कलमानुसार दस्तऐवजात लाभार्थीचा हक्क ‘स्पेंडथ्रिफ्ट ट्रस्ट’च्या अधीन आहे एवढं लिहिलं, तरी संरक्षण लागू होतं, पानभर अटी लिहायची गरज नाही. पुढचंच कलम अपवाद सांगतं. सोडलेल्या जोडीदाराची किंवा मुलांची पोटगी थकली असेल, तर हा शब्द लिहिलेला असूनही त्या पैशाला हात लावता येतो.